रुसैलच्या मेसमधलं निवेदन

पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली, पण कोणी जुनं प्रकरण विचारलं की मला आठवतं ते निवृत्तीनंतरचं, ओमानमधलं. गुन्हा दाखल झाला नाही, अटक नाही, कोर्ट नाही. तरी तेच डोक्यातून जात नाही.

दोन हजार दहा साल उलटून गेलं होतं. रुसैलच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. एक दिवस स्टोअरमधला मालवणचा माणूस केबिनमध्ये आला, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, मेसमधलो तो नेपाळी कूक सह्यो जमवता. दर शुक्रवारी सोहारसून दोघे येतत, दार बंद करून बसतत. संप होतलो, बघा."

संप म्हटल्यावर मॅनेजर हादरले. त्या देशात परवानगीशिवाय साधी सभा चालत नाही. त्यात पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून एक मंत्री येऊन अल् खुवैरच्या सभागृहात भारतीयांना भेटणार होते, आणि चहापान आमच्या कंपनीकडे होतं. काही सापडलं तर कूकला पहिल्या विमानात बसवू, असं मॅनेजरांनी सांगून टाकलं.

खबऱ्याची खबर निम्मी खरी असते. कोणती निम्मी, ते शोधणं आपलं काम. दोन साक्षीदार घेऊन मी खोलीची झडती घेतली. उशीखाली पांढऱ्या रेशमी वस्त्रात गुंडाळलेला इंग्रजी कागद मिळाला. आमच्या माणसांसाठी दोन शब्द बोलावेत, एवढाच मोघम मजकूर, वर कोणाचं नाव नाही; खाली सहा सह्या, मला न वाचता येणाऱ्या लिपीत. कूकला केबिनमध्ये बसवलं. पन्नाशीचा, शांत माणूस. बाकीचे पाच कोण, हेच मी फिरवून फिरवून विचारत राहिलो. दीड तास त्याने तोंड उघडलं नाही. सराईत माणूस गप्प बसत नाही, तो खोटं बोलतो. हा खोटंही बोलेना, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेवटी वैतागून मी ते वस्त्र टेबलाखाली, पायाजवळ टाकलं. तो ताडकन उठला आणि हात जोडून म्हणाला, "साहब, मेरे साथ जो करना है कीजिए. वो कपड़ा पैर के पास मत रखिए."

मी ते उचललं आणि मग तो बोलू लागला. तो नेपाळी नव्हताच. कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीत जन्मलेला तिबेटी. लोक नेपाळी म्हणत, त्यानेही कधी दुरुस्त केलं नव्हतं. मोठ्या माणसाला भेटताना त्यांच्यात असं वस्त्र दोन्ही हातांनी अर्पण करतात. कागद मंत्र्यांसाठी होता. तिबेटमध्ये राहिलेल्या आमच्या माणसांना स्वतःची भाषा बोलता यावी, स्वतःची प्रार्थना करता यावी, म्हणून मंत्र्यांनी दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती. त्याचा चुलतभाऊ तिकडे तुरुंगात होता, अशाच एका कागदावर सही केली म्हणून. पाच नावं तो का सांगत नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

तुला इथून हाकललं तर, असं मी विचारलं.

"कहाँ भेजेंगे, साहब?" तो म्हणाला.

त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, निर्वासितांना मिळणारी पिवळी पुस्तिका होती. नोकरीत मी कित्येक गुंड तडीपार केले. तेही मुदत संपली की आपल्या गल्लीत परत येत.

अहवालात मी लिहिलं, संपाचा प्रयत्न नाही, कागद खासगी. मॅनेजरांना पटलं. कूकला मात्र बजावलं, सभागृहाकडे फिरकायचं नाही.

"फिर आप दे दीजिए," तो म्हणाला. "आप तो पास ही खड़े होंगे."

मी हो म्हणालो.

चहापानाच्या दिवशी मंत्री माझ्यापासून दोन हातांवर चहा घेत उभे होते. त्यांनी हसून माझं गावही विचारलं. पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. व्हिसा, नोकरी, मुलीचं ठरलेलं लग्न, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी गावाचं नाव सांगितलं आणि बाजूला झालो.

संध्याकाळी मेसमध्ये जाऊन पत्र परत केलं. जे झालं ते लपवलं नाही. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. "डर लगता है, साहब. हमको मालूम है," एवढंच म्हणाला आणि माझ्यासाठी चहा ओतायला वळला. मला फार लाज वाटली.

कोर्टात ऐन वेळी फिरलेल्या साक्षीदारांना मी आयुष्यभर भेकड म्हणत आलो होतो. त्या दिवसानंतर तो शब्द मी कोणासाठी वापरलेला नाही. ज्याला परत जायला देश नव्हता त्याने सही केली होती, आणि मला एक कागद पुढे करता आला नाही.