सायलेन्सर मायनं पास केला

गेल्या रविवारी यवतमाळच्या एका गॅरेजात मी माझ्या गाडीसाठी नवा सायलेन्सर निवडत होते. हो, मीच... शाळेत भूगोल शिकवणारी पंचेचाळीस वर्षांची बाई. हसा खुशाल!

गाडी ऑटोमॅटिक आहे. लहानपणी पोलिओनं डावा पाय लुळा पडला, त्यामुळे क्लच काही माझ्या नशिबात नव्हता. दोन वर्षांपूर्वी ही सेकंडहँड गाडी घेतली आणि तेव्हापासून रोज शाळेत स्वतः चालवत जाते... आहाहा!

खंत एकच, गाडीला आवाज नाही. भाऊ चिडवतो, "ताई, तुही गाडी हाये का शिलाई मशीन?" माझ्या उजव्या पायात किती जोर आहे, ते जरा रस्त्यालाही कळू दे की!

यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, म्हणून ट्रॅक्टर-टेम्पोवाल्यांनी दुरुस्त्या पुढं ढकललेल्या. गॅरेज सुनसान. गॅरेजवाले सलीमभाई म्हणाले, "दोन लावून पाहा ताई, आज टाईमच टाईम हाये."

आधी सरळ पाईप लावला, आत आवाज अडवणारं काहीच नसलेला. स्टार्टर मारला अन् अंगावर काटा आला... काय तो आवाज! सलीमभाईंनी मात्र मान हलवली. "ऑटोमॅटिक लवकर वरच्या गिअरमध्ये जाते. साठच्या स्पीडले हा आतमध्ये घुमून राहते. तिसऱ्या दिवशी डोकं धरसान."

मी कसली ऐकते! निघाले आर्णी रोडला. माय मागच्या सीटवर होतीच. गाडी निघाली की माय बसलेलीच असते, आणि पहिला चौक यायच्या आत घोरायला लागते.

साठचा स्पीड झाला आणि घूंऽऽऽ सुरू. मी खूश. सहज आरशात पाहिलं, तर माय टक्क जागी! दोन्ही हातांनी पुढची सीट गच्च धरलेली. "काहून वं, गाडी बिघडली काय?"

असे हात मी आधी पाहिले होते. पायाच्या इलाजासाठी ती मला एसटीनं नागपूरला न्यायची. मी तिच्या मांडीवर झोपायचे आणि ती अशीच समोरचा दांडा धरून बसायची. डोळा लागला तर पोर खाली पडेल म्हणून जाताना जागी, येताना जागी... कित्येक वर्षं.

गुपचूप गाडी वळवली.

दुसऱ्या खेपेला सायलेन्सरचा फक्त मागचा डबा बदलला, मधला आहे तसाच ठेवला. आवाज कमी वाटला, मी तोंड वाकडं केलं. पण त्याच रस्त्यावर एका टेम्पोला ओव्हरटेक करताना पाय दाबला आणि... घुर्रर्र! इतका गोड, की मी एकटीच हसले.

"माय, हा कसा वाटते वं?"

आरशात पाहिलं... मान कलंडलेली, तोंड उघडं, हात मांडीवर सैल.

गॅरेजात परतल्यावर काचेतूनच अंगठा दाखवला. सलीमभाईंनी मागे डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसले. "पास!" तेही कुजबुजत. दोन-दोनदा पाईप खोलला, पण चेहऱ्यावर आठी नाही. देव भलं करो त्यांचं.

भाऊ आता म्हणतो, एवढं करून काय फायदा, मायच्या घोरण्यात सायलेन्सर ऐकूच येत नाही. खरंय त्याचं...

घोर माय तू. एसटीत राहिलेल्या सगळ्या झोपा भरून निघेस्तोवर घोर. गाडी मी चालवून राह्यली ना...