कडेला धरा

सिल्वासातल्या निम्म्या भिंतींवरचे फोटो कसे दिसावेत हे फोटोग्राफरने नव्हे, आमच्या साडूभाऊंनी ठरवलं, आणि उरलेल्या निम्म्या भिंतींबद्दल ते आयुष्यभर हळहळत राहिले. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चिपळूणकडचे, नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. कॅमेरा त्यांनी जन्मात हातात धरला नाही. "फोटो काय, कोणीही काढतो हो," ते म्हणत. "कागद कुठला घेणार ते बोला." त्या काळी आमच्याकडचे रंगीत रोल धुवायला वापीच्या लॅबमध्ये जायचे. स्टुडिओवाला मोटाभाई पाकिटावर नाव लिहिता लिहिता विचारायचा, "बोलो, चमकवाळो के मॅट?" म्हणजे कागद चकचकीत हवा की बिनचमकेचा, किंचित खरखरीत; उत्तर मिळालं की पाकिटावर तशी खूण व्हायची. माझ्यासारखा माणूस "काहीही चालेल" म्हणून मोकळा व्हायचा. साडूभाऊंच्या लेखी असं म्हणणारा माणूस आणि मुलीसाठी "नवरा कुठलाही चालेल" म्हणणारा बाप, दोघे एकाच माळेचे मणी. रोज कचेरीत जाताना ते स्टुडिओत थांबत, वापीला निघालेली पाकिटं चाळत आणि कोणाची खूण चुकली असं वाटलं तर संध्याकाळी त्याच्या घरी हजर होत.

त्यांच्या पिशवीत कायम दोन नमुने असत. दोन्हींवर स्वतः तेच: एक चकचकीत साडूभाऊ, एक मॅट साडूभाऊ. ते समोर ठेवून उलटतपासणी सुरू व्हायची. भिंतीला ओल आहे का? ट्यूबलाइट कुठल्या बाजूला? घरात खोबरेल तेल कोण कोण लावतं? खडोलीच्या कारखान्यातला एक जळगावकडचा गडी लग्नाचे फोटो छापायला निघाला, तेव्हा साडूभाऊंनी त्याला रस्त्यातच गाठलं. "गावाला पाठवणार? तिथे किती जण बघतील?" तो बिचारा हौसेने म्हणाला, "सारं गावच पाहीन ना भाऊ!" "मग मॅट. चकचकीतवर साऱ्या गावाचे अंगठे उमटतील. फोटो राहणार नाही, खरेदीखत होईल!" आणि कोणाच्याही हातात फोटो दिसला की खोलीच्या पलीकडून आरोळी यायची, "कडेला धरा!" या सवयीने ते जेवणाचं ताटही दोन तळहातांत कडेला धरून नेत. एकदा माझं नवजात बाळ त्यांच्या हातात दिलं, तर त्यालाही त्यांनी तसंच धरलं. बायकोने किंचाळून काढून घेतलं म्हणून बरं.

आमच्या सासूबाई तेव्हा माझ्याकडे, राखोलीच्या कंपनीच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यांची नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी एकच मागणं मागितलं. "दिसतंय तोवर सगळे एका जागी बघू दे मला." म्हणून त्या उन्हाळ्यात सगळ्या लेकी, जावई, नातवंडं दमणगंगेच्या काठावर गोळा केली आणि फोटो काढला. मोठा करून त्यांच्या खाटेसमोर टांगायचा ठरला. साडूभाऊ आमच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट घेऊन आले, फोटोच्या जागी भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "आई, ताटात काय दिसतंय?"

"खिडकी."

"झालं! मॅट." सगळ्या बहिणी माना डोलावू लागल्या. माझी बायको तर अशी बघत होती, की जणू त्यांनी गंगा आणली.

मला ते झोंबलं. मीही जावई होतो. शिवाय फोटोत मी नवा मरून सफारी घातला होता आणि त्याचा रंग मॅटमध्ये मरेल अशी मला रास्त काळजी होती. पाकीट द्यायला मी गेलो आणि मोटाभाईला गुपचूप म्हणालो, "चमकवाळो."

सफारी झकास आला. माझे डोळे मिटलेले आले, पण ते माझ्या प्रत्येक फोटोत तसेच येतात. चकचकीतवर अंगठे उमटू नयेत म्हणून मी वर काचही लावली, फोटो टांगला, कौतुक झालं. साडूभाऊ आले, फोटोसमोर उभे राहिले, चहा प्यायले आणि एक अक्षर न बोलता गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने झोपलो असतो. सासूबाई रोज खाटेवरून मान इकडे-तिकडे करत बघायच्या. दुसऱ्या भिंतींना ओल, फोटो हलवणार कुठे? महिन्याभराने त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, फोटो छान आहे हो. फक्त त्यात खिडकी फार ठळक आलीय."

श्रावणात काचेला ओल धरली आणि फोटो तिला चिकटला. मी तो सोडवायला गेलो. बाकी कुटुंब कागदावर राहिलं, पण बरोबर मधला तुकडा, सासूबाई आणि मी, काचेवर! निगेटिव्ह मी फार जपून ठेवली होती. इतकी जपून, की ती आजतागायत सापडलेली नाही.

शेवटी मान खाली घालून साडूभाऊंच्या दारात गेलो आणि सगळं कबूल केलं. ते उठले, ट्रंक उघडली आणि एक पाकीट काढलं. आत तोच फोटो. मॅट.

"पाकिटावरची खूण मी दुसऱ्याच दिवशी पाहिली होती," ते म्हणाले. "तेव्हाच एक प्रत छापून घेतली."

"मग दिली का नाहीत?"

"तुम्हीही जावईच ना हो? आईंच्या डोळ्यांदेखत तुमचा फोटो उतरवायचा कसा? वाटलं, दोन दिवसांत तुम्हीच याल." मग ट्रंक बंद करत म्हणाले, "उशीर केलात, राव."

उशीर झालाच होता. भिंतीवरचं सासूबाईंना आता दिसेना. साडूभाऊंनी तो बिनकाचेचा फोटो त्यांच्या हातातच दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवू लागल्या. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आई, कडेला धरा!"

"गप्प बसा हो!" साडूभाऊ माझ्यावर खेकसले. "त्यांना हवा तसा धरू दे."

सासूबाईंचं बोट मधोमध थांबलं. "हे धाकटे जावई. झोपलेत." सगळे खो-खो हसले. सगळ्यांत जास्त त्याच.

पुढे नजर पुरती गेली, तरी दुपारी तो फोटो त्यांच्या मांडीवर असायचा आणि बोट फिरत असायचं. त्या गेल्यावर तो आमच्याकडे राहिला. निवृत्त होऊन गावी जायच्या आदल्या दिवशी साडूभाऊंनी तो मागून घेतला, अर्थात कडेला धरून, आणि उजेडाखाली तिरका केला. चेहऱ्यांच्या जागी कागदाचा बारीक खरखरीतपणा पार झिजून गेला होता. आम्ही सगळे काचेसारखे लकाकत होतो.

"साडूभाऊ," मी विचारलं, "आता ह्याला काय म्हणायचं? चकचकीत की मॅट?"

त्यांनी एका हाताने कड सोडली. मग आपला अंगठा सावकाश फोटोच्या मधोमध टेकवून म्हणाले, "काहीही चालेल."