पेणच्या वाळवंटातली घोडी

पेण तालुक्यात वाळवंट आहे हे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ते मी स्वतः शोधून काढलं. रामवाडीच्या नाक्यावर एका वडापावच्या गाडीशेजारी मी फळा टांगला होता: ‘घोड्यावरून वाळवंट आणि समुद्र, एकाच सकाळी.’ अक्षर माझं, चित्रही माझंच. कोपऱ्यात मी उंट काढला होता. आमच्याकडे उंट नव्हता, पण फळ्यावर जागा उरली होती.

मोबाईल तेव्हा नुकतेच आले होते आणि खाडीकडे गेलं की ते नुसते खिशात जड लागायचे. मे महिन्यात अलिबागला निघालेल्या गाड्या नाक्यावर चहाला थांबत. उतरलेली माणसं आळस देत फळा वाचत, हसत, आणि त्यांच्यातला एखादा जण विचारी, “खरंच वाळवंट आहे?” एवढं विचारलं की तो माझा झाला. मी शेरवानी घालून उभा असायचो. गणपतीतल्या नाटकात सरदाराचं काम केलं होतं, तेव्हाची होती ती, बगलेत उसवलेली. मी कमरेतून वाकायचो आणि म्हणायचो, “पधारो.”

वाळवंट म्हणजे खारेपाटातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं, एक बंद पडलेलं मिठागर. मालकाने मीठ पिकवायचं सोडलं होतं, पण मिठाने आपलं काम सोडलं नव्हतं. उन्हाळ्यात ती जमीन अशी पांढरीफटक पडायची की डोळे मिटावेत. आणि समुद्र म्हणजे मिठागरापलीकडची खाडी. तिच्या काठाला शिंपल्यांच्या चुऱ्याची एक अरुंद पुळण होती, तिला मी बीच म्हणायचो. लोक नाराज झाले का? छे. डोक्याला फेटा बांधला आणि घोड्यावर बसवलं की माणसाला आपण कुठे आहोत याने फारसा फरक पडत नाही. फेटे माझ्या बायकोच्या जुन्या साड्यांचे होते.

घोडे मात्र खरे होते, आणि ते मामाचे होते. मामा म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ, निडी गावचा. भातशेती थोडी, पण सगळा जीव घोड्यांवर. एक तांबडा म्हातारा घोडा, माथेरानहून रिटायर होऊन आलेला, आणि एक घोडी. दुधात चहाचे थेंब सांडावेत अशा रंगाची. फोटोत ती पांढरीशुभ्र यायची. शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा मामाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता ती वरातीची घोडी होती. रोह्यापासून नागोठण्यापर्यंतचे नवरदेव तिच्यावर बसले होते. ढोलावर काठी पडली की ती जागच्या जागी पाय उचलायची, एक पुढचा, एक मागचा, मान वाकवून, अशी की करवल्यांनी नाचणं थांबवून तिच्याकडे बघत राहावं.

मामाचा मुलगा नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर होता. तो दर महिन्याला बापाला सांगायचा, घोडी विका आणि गेटवर वॉचमनची जागा आहे ती धरा. मामा मला म्हणायचा, “घोडी गेली तर मी गेटवर बसनार रे भाच्या. शिटी फुंकीत. ती हाय तवर कोनाच्या बापाला ‘सलाम सायेब’ म्हननार नाय.” म्हणून संध्याकाळी वराती आणि सकाळी माझं वाळवंट, असा त्याने दोन पायांवर तोल सांभाळला होता.

सहलीच्या शेवटी माझा एक खास अंक असायचा. पुळणीवर पोचलो की मी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा काढायचो, त्याच्यावर ताल धरायचो आणि घोषणा करायचो, “आता आमची राणी नाचणार!” घोडी नाचायची. लोक टाळ्या वाजवायचे. सुरुवातीला फेटे बांधतानाच मी हे सांगून ठेवायचो, म्हणजे उन्हात कोणी कुरकुर करत नसे.

त्या दिवशी ठाण्याचं एक कुटुंब होतं. एक भारदस्त गृहस्थ, त्यांची पत्नी, आणि तिचा भाऊ, ज्याच्या हाताला कॅमेरा जणू जन्मापासूनच चिकटला होता. व्हिडिओचा कॅमेरा, सगळं हलताना टिपणारा. गृहस्थ घोडीवर, बाई तांबड्यावर, मेहुणा पायी उलटा चालत शूटिंग करत. अमावास्येच्या आसपासचे दिवस होते, म्हणजे दुपारी उधाणाची भरती येणार. पण आम्ही त्याआधीच परत फिरणार होतो.

बांधावरून निम्मी वाट झाली आणि मेहुणा म्हणाला, “जिजाजी, मागे लाइटचे खांब येतायत. वाळवंट वाटत नाही.”

“आत घ्या ना घोडा,” जिजाजी म्हणाले. “तिकडे मधे. सगळं पांढरं आहे ना, तिकडे.”

मामाने बांधावरून खाली पाहिलं. पांढऱ्या जमिनीला तळहाताएवढ्या भेगा पडल्या होत्या. निडीच्या शेतकऱ्याला अशी भेग काय सांगते? जमीन पार खालपर्यंत वाळली, आता बैलगाडी घातली तरी चालेल. त्याचं सगळं आयुष्य त्या भेगा बघण्यात गेलं होतं आणि त्यांनी त्याला कधी फसवलं नव्हतं. पण ही भाताची जमीन नव्हती. पलीकडचा जुना बांध एका जागी फुटून खांड पडली होती, आणि दर उधाणाला खाडीचं पाणी तिथून खालच्या खाली झिरपत येत होतं. वर उन्हाने भेगाळलेली खपली आणि तिच्या खाली लोण्यासारखा चिखल. मी पेण शहरातला. मला यातलं काहीच कळत नव्हतं. मामाने लगाम धरला आणि घोडीला खाली उतरवलं.

थोडं अंतर ती छान चालली. मेहुणा ओरडला, “सुपर! आता एकटेच पुढे या!” मामाने लगाम सोडला. घोडी चार पावलं पुढे गेली आणि तिचे पुढचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले.

गृहस्थ तिच्या मानेवरून घसरून चिखलात बसले. मी धावलो. त्यांचा हात हाताला लागेना, म्हणून मी फेट्याचं टोक धरलं आणि ओढलं. फेटा सुटत आला, सुटत आला, आणि शेवटी गृहस्थ हातापायांवर रांगत बांधाला लागले. मेहुणा हसत होता. खरं सांगायचं तर मीसुद्धा हसत होतो. तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला, “भाच्या, ही पोटापर्यंत गेली रे.”

मी वळून पाहिलं. घोडी झगडत नव्हती. मामा पालथा झोपून तिच्या मानेपर्यंत पोचला होता आणि तिच्याशी बोलत होता, आणि ती त्याच्याकडे बघत शांत उभी होती, म्हणजे रुतली होती. तशी राहिली असती तर वेळ मिळाला असता. पण खांडीच्या बाजूने पाण्याची एक चकचकीत रेघ आत सरकायला लागली होती. भरती आमच्या हिशेबाच्या आधीच निघाली होती.

बांधाच्या टोकाला मिठागरात काम केलेल्या माणसांची वस्ती होती. तिथली एक काकी आमच्या पाहुण्यांना चहा करून द्यायची. किटली घेऊन ती येतच होती. तिने पाहिलं, किटली खाली ठेवली आणि वळून धावत सुटली. “घोरी रुतली! घोरी रुतली गो!” हा आवाज वस्तीच्या दिशेने लांब लांब जात राहिला.

खारेपाटात एक रिवाज आहे. बांध फुटला, होडी उलटली, कोणी चिखलात अडकलं, की देवळातला ढोल वाजवायचा. ढोल ऐकला की जेवत असलेला माणूस हात न धुता उठतो आणि धावतो. काकीने तेच केलं. तिने जे केलं ते बरोबरच होतं, हे मी इथेच सांगून ठेवतो.

ढोलाचा पहिला ठोका बांधावरून आला आणि घोडीचे कान उभे राहिले.

मी बघत होतो. ती थरारली, मान वाकवली, आणि चिखलातून पुढचा उजवा पाय वर ओढायला लागली. तो वर आला नाही. बाकीचे तीन आत गेले. ढोल वाजत होता. तिने डावा उचलायला घेतला. तिला आयुष्यभर हेच शिकवलं होतं. तिला वाटलं असेल वरात निघाली. मामा तिच्या गळ्याला मिठी मारून ओरडत होता, “नको गो! नको माझे बाय, उभी ऱ्हा!” आणि ती तालावर अंग हलवत होती, आणि प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी खाली जात होती.

आणि माझ्या मागे टाळ्या सुरू झाल्या.

“अगं बाई,” तांबड्यावर बसलेल्या बाई म्हणाल्या, “चिखलातसुद्धा नाचते हो! म्हणाले होते ना हे शेरवानीवाले, नाचते म्हणून!” मेहुणा एक गुडघा टेकून शूट करत होता. मी त्यांच्याकडे वळून किंचाळलो, “नाचत नाहीये! मरतेय ती!” शेरवानीतला माणूस, हात वर करून, आवाज फाटेपर्यंत. बाई कौतुकाने म्हणाल्या, “केवढं हुबेहूब करतात.” सकाळपासून मी त्यांना उंट, वाळवंट, समुद्र सगळं खोटंच विकलं होतं; आता खरं बोलायला माझ्याकडे वेगळा आवाज उरला नव्हता.

मी वस्तीकडे धावलो. वारा खाडीकडून होता, माझी हाक माझ्याच पुढे पळत होती, तरी ढोलापुढे तिचं काही चालत नव्हतं. वाटेत फळ्या आणि दोर घेतलेली माणसं समोरून धावत आली, मला ओलांडून गेली. देवळाच्या पायरीवर काकी पदर खोचून दोन्ही हातांनी ढोल बडवत होती.

“बंद कर! काकी, ढोल बंद कर!”

“काय बंद? वरच्या आळीतले अजून येवाचे हायेत!”

“ती नाचते गो ढोलावर! नाचून नाचून आत चालली!”

तिला कळायला एक क्षण गेला. मग काठी तिच्या हातातून आपोआप खाली पडली. तिने ढोलाच्या कातड्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. तो अजून वाजेल अशी तिला भीती वाटत असावी.

मी परत आलो तेव्हा घोडीची पाठ तेवढी वर होती. मामाने गृहस्थांचा सुटलेला फेटा ओढून घेतला होता आणि तिच्या कानांवर, डोळ्यांवर गच्च गुंडाळला होता. माझ्या बायकोच्या हिरव्या साडीत डोकं बांधलेली ती घोडी आता हलत नव्हती. माणसांनी फळ्या टाकल्या, होडीचे दोर तिच्या पोटाखालून घातले. भरतीचं पाणी आलं आणि, हे मला आजही विचित्र वाटतं, त्याच पाण्याने चिखल सैल केला. वस्तीतली माणसं एका सुरात ओरडत ओढत राहिली. ती बांधावर आली तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. जिवंत होती. नाकपुड्या फुलत होत्या.

गृहस्थ माझ्याजवळ आले. पँटवरचा चिखल वाळून कडक झाला होता. हळू आवाजात म्हणाले, “मग समुद्राकडे आता जायचं नाही का?” मी त्यांना टेम्पोत बसवून रामवाडीला पाठवलं. मेहुण्याने जाताना माझ्याशी हस्तांदोलन केलं.

घोडी उठली नाही. मामाने तिला उठवायचा प्रयत्न केला, वस्तीतल्या माणसांनी चारी बाजूंनी उचललं. पुढचे पाय टेकायचे, मागचा भाग मेल्यासारखा लोंबायचा. कंबरेतून गेली होती. पेणहून गुरांचे डॉक्टर येईपर्यंत आम्ही तिच्यावर गोणपाट धरून सावली केली. बायका घागरीने गोडं पाणी आणून तिच्या अंगावरचं मीठ धुवत होत्या. तिथे गोडं पाणी टँकरने यायचं.

काकी सगळ्यात शेवटी आली. मामासमोर बसली. पदराच्या टोकाशी खेळत म्हणाली, “दादा, मी ढोल वाजवला नसता तर?”

मामाने घोडीच्या मानेवरचा हात काढला नाही. “नसता वाजवलास तर कोन आला असता गो? मी नि ह्यो सोंगाड्या. आमी दोघं काय तिला उचलनार हुतो?”

“मंग?”

“मंग काय नाय,” मामा म्हणाला. “जरा पानी दे. तिला नको, मला.”

काकीने तांब्या दिला. तो प्याला, आणि उरलेलं पाणी काकीलाच परत दिलं. ती प्याली.

डॉक्टर मोटरसायकलवरून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी घोडीच्या पाठीवरून बोटं फिरवली, मागच्या पायात सुई टोचून पाहिली. ती हलली नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवणार होते, पण मामाच म्हणाला, “मला सांगा. जनावर माझं हाय.” डॉक्टरांनी त्याला सांगितलं. मामा ऐकत होता आणि तिच्या आयाळीतला वाळलेला चिखल चिमटीने काढत होता.

“डोक्यावरचं सोडा,” डॉक्टर इंजेक्शन भरत म्हणाले, “डोळे बघू द्या.”

मामाने फेटा फक्त डोळ्यांवरून वर सरकवला. तिने त्याला पाहिलं. कान त्याने झाकलेलेच ठेवले.

लग्नसराई होती. हायवेच्या बाजूला, कुठल्या तरी गावात, बँड सुरू झाला. वाऱ्यावर तुटक तुटक यायला लागला. मामाने दोन्ही तळवे साडीवरून तिच्या कानांवर घट्ट दाबले, तिच्या कपाळाला कपाळ टेकलं, आणि डॉक्टरांना म्हणाला, “आता टोचा.”