बदलाला नंबर हवाच!

आमच्या साडूंइतका नंबरावर जीव टाकणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. बायकोनं आमटीत गूळ वाढवला, तर पहिला घास घेऊन ते सांगतात, "ही आमटी तिसरी. दुसरीच बरी हुती गं." मेहुणी ताटातली वाटी उचलते आणि साडू कोरडा भात खातात.

बेळगावात आम्ही दोघं एकाच ऑफिसात आहोत. शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यांची मशीनं ज्यावर चालतात ते प्रोग्राम लिहितो. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्रोग्रामची पूर्ण प्रत असते, जुन्या सगळ्या बदलांसकट. नवा बदल साठवला की लॅपटॉप त्याला दोन खुणा देतो. एक साधा क्रमांक आणि एक इंग्रजी अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. बोलताना कुठली वापरायची, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडत आलो. "आकडा बघितला की कळाय पायजे, ह्ये आदीचं, ह्ये नंतरचं," साडू म्हणायचे. "एफ तीन नऊ ए म्हंजे काय? गाडीच्या पाटीवरनं निदान गाव तरी कळतंय!" अडचण एवढीच, की हा क्रमांक ज्याच्या त्याच्या लॅपटॉपचा. त्यांचा पन्नासावा बदल माझ्याकडे पन्नासावा असेलच असं नाही. ती लांबलचक ओळ मात्र सगळीकडे एकच. संकेश्वरच्या एका लग्नात भर पंगतीत मी म्हणालो, "पावनं, थोरली सून घरोघरी असती. सगळ्या एकच काय?" "मग घराचं नाव सांगायचं की!" असं म्हणून त्यांनी अख्खी पंगत माझ्यावर हसवली. तेवढ्यात बासुंदीवाला पुढं निघून गेला. ते मी अजून विसरलेलो नाही.

यंदा भातलावणीला साडू गावी, जांबोटीला गेले. रानात रेंज नाही, म्हणून काम लॅपटॉपवरच साठवत राहिले. मग बस मिळाली तसे खानापुरात आले, सगळं ऑफिसला पाठवलं आणि फोन केला, "आक्का, एकशेबारा मशीनवर चढवा." आक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांच्या लॅपटॉपवर एकशेबारा म्हणजे त्यांचं नवं काम, पण ऑफिसच्या प्रतीत एकशेबारा होता माझा अर्धवट प्रयोग. मच्छ्यातल्या मशीननं दिवसभर एकेका तुकड्याला इमानानं उलट्या बाजूनं भोक पाडलं.

"आजपासनं हितं नंबर बोलायचा न्हाय," आक्कांनी निकाल दिला. साडू नुसतं "व्हय आक्का" म्हणाले. वाद मी जिंकला होता, पण चहाला आमच्यात बोलायला काही उरलं नाही. मेहुणीनं फोन करून विचारलं, "ह्यास्नी ऑफिसात कोण काय बोललं काय?" खरं सांगतो, असलं जिंकणं मला नको होतं.

आता साडू ती अक्षरं शिस्तीत, मोठ्यानं वाचून दाखवतात. परवा एक बदल साठवल्यावर ते स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघत बसले. मी खुर्ची सरकवून हळूच विचारलं, "कितवा, पावनं?"

त्यांनी आधी आक्कांच्या केबिनकडे बघितलं. मग माझ्या कानाशी वाकले. "दोनशे सहा."

माझ्या लॅपटॉपवर दोनशे सहा कधीचा होऊन गेला होता.

"बरोबर," मी म्हणालो.