काळ्या पेटीतले तीन ठिपके

अडीच फुटांची ॲल्युमिनियमची काळी पेटी, आतला सरकता स्टँड, तीन नॉब, केसाएवढ्या तारेचा होल्डर... सगळं याच हातांनी केलेलं. शिक्षण दहावी. बाकी रद्दीतली मॅन्युअल्स वाचून.

पेटी डॉ. नसरीन मॅडमची. आपल्या संभाजीनगरात त्या माशाच्या डोळ्याच्या पडद्यावर संशोधन करतात. उजेड टिपणाऱ्या पेशी मेंदूला निरोप कसा देतात, यात त्यांची अकरा वर्षं गेली. पेशी आधी पूर्ण अंधारात ठेवायच्या, मग बारीकशी चमक द्यायची आणि स्क्रीनवरची रेघ हलते का ते बघायचं...

मागच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. माझी नवी पेटी बसवल्यापासून आठवडाभर रेघ धड हलत नव्हती आणि सोमवारी कमिटी येणार होती. रेघ दाखवता आली नाही तर प्रोजेक्ट बंद.

बिडकीनचं काम अर्धं टाकून निघालो. मॅडम चिडल्या नव्हत्या, तेच जास्त टोचलं. म्हणाल्या, "जाधवभाऊ, तुमच्या पेटीत अंधार नाही."

मला राग आला. आत टॉर्च लावून बाहेरून एकेक सांधा तपासला होता मी, कुठून तिरीपसुद्धा येत नव्हती. तसं सुनावलंही. त्या एवढंच म्हणाल्या, "बाहेरून नको, आतून बघा. वीस मिनिटं."

पेटीत डोकं घातलं, मानेभोवती काळं कापड. पहिली दहा मिनिटं मिट्ट काळोख. मनात म्हटलं, बघा... आणि मग डावीकडं काहीतरी हिरवट दिसलं. एक. दोन. तीन. नॉबवरचे माझेच ठिपके.

लोडशेडिंगच्या काळात लागलेली सवय. कुठल्याही मशीनच्या नॉबवर अंधारात चमकणाऱ्या रंगाचा ठिपका देतो, हात चुकू नये म्हणून. इथंही दिले होते, आणि दिल्याचं लक्षातही नव्हतं.

बाहेर येऊन म्हणालो, "चूक माझी आहे, मॅडम."

"माझ्या पेशींना हे कळायला दहा मिनिटं लागली नाहीत," त्या हसून म्हणाल्या.

ठिपके खरवडले, मॅट काळा रंग दिला, वाळेपर्यंत तिथंच बसलो. शनिवार नुसता फोनकडं बघण्यात गेला. रविवारी दुपारी फोटो आला... स्क्रीनवर झपकन खाली गेलेली एक रेघ. सहा वेळा झूम करून पाहिली. सोमवारी कमिटीनंही पाहिली. प्रोजेक्ट वाचला.

काल पुण्याच्या एका डीलरचा फोन. ड्रॉइंग द्या, पेट्या आम्ही बाहेरून करून घेऊ, नाव तुमचंच राहील. मी विचारलं, प्रत्येक पेटीत वीस मिनिटं डोकं घालून बसणार कोण? तो हसला.

नाही म्हणालो. तीन लाख साठ हजारांना.