कधीच बंद न पडणारी खोली

सर्व्हर-रूमचं दार उघडलं आणि एसीच्या कोरड्या गारव्यातून झेंडूचा उग्र वास नाकात शिरला. आज खंडेनवमी. खाली कारखान्यातल्या शॉपवरच्या लोकांनी प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हार घातले आणि उरलेला एक आमच्या सर्व्हरच्या कपाटाला अडकवून गेले. मी तो हवा आत घेणाऱ्या जाळीवरून बाजूला सरकवला आणि खुर्चीत टेकले. हल्ली आकुर्डीहून निघोज्यापर्यंत कंपनीच्या बसमध्ये नुसतं बसूनही दमायला होतं.

या खुर्चीत पूर्वी माझे वरिष्ठ बसत. मूळचे लातूरकडचे, थेरगावात घर केलेले. आमची यंत्रं जोडीनं चालतात. एक पडलं की दुसरं तत्क्षणी सगळा भार उचलतं आणि खाली लाईनवर कुणाला काही कळतही नाही. याला सगळे फेलओव्हर म्हणतात, ते खांदेपालट म्हणत. दोन्ही यंत्रं क्षणाक्षणाला एकमेकांना आपण जागे असल्याचं कळवत राहतात, त्या हार्टबीटला त्यांनी हुंकार म्हणायचं ठरवलं होतं. गोष्ट ऐकणाऱ्याचं हूं थांबलं की सांगणाऱ्यानं ओळखायचं, गडी झोपला. कंटाळवाण्या दुपारी आम्ही असल्या शब्दांची बारशी करत बसायचो. बाहेर चाकणची धूळ आणि ट्रकांची रांग, आत आम्ही दोघं आणि पंख्यांची घरघर. त्यातच दिवस निघून जाई.

अशाच एका खंडेनवमीला हार थेट जाळीवर आडवा पडला होता. पूजेचा हार सुकेपर्यंत काढायचा नाही ही शॉपवरची रीत, म्हणून आम्हीही हात लावला नाही. हवा कोंडली, एक यंत्र तापून बंद पडलं. त्याचा पिवळा दिवा फुलांखाली झाकला गेला आणि इशाऱ्याचे ईमेल दसऱ्याच्या शुभेच्छांच्या ढिगात गाडले गेले. त्याच्या जोडीच्या यंत्रानं मुकाट्यानं सगळं ओढलं. बऱ्याच दिवसांनी हार काढला तेव्हा कळलं. सर त्या गार पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बघा की मॅडम, कवाचं मरून पडलंय अन् कुणाला पत्ताच नाही."

"म्हणजे व्यवस्था चोख आहे, सर," मी म्हणाले.

"चोखच हाय की," ते म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांच्यातलं काहीतरी मिटलं. निवृत्ती जवळ आली होती. सगळी उमेद त्यांनी या खोलीत घातली होती, आणि आपण नसल्याचं इथं कुणाला जाणवेल का, एवढीच आता त्यांना धास्ती होती.

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये शाल-श्रीफळ झालं. मी गेटपर्यंत सोडायला गेले तेव्हा ते हसत म्हणाले, "उद्या पाच मिनटं तरी लाईन बंद पडू द्या हो. माझ्या नावानं."

मीही हसले. त्यांना पुढं बोलायचं होतं हे कळत होतं, पण तेवढ्यात रिक्षा आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "काय, काही अडलं का?" त्या सकाळीच एक डिस्क गेली होती. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी चालू यंत्रातच ती काढून नवी बसवली होती. खाली एक सुटा भागही अडला नव्हता. थोडं खोटं बोलावं असं फार वाटलं. त्यांच्या आवाजातली आशा इतकी उघडी होती.

"नाही सर, काहीच अडलं नाही."

"वा," ते म्हणाले, "चांगलं शिकवलं म्हणायचं तुम्हाला." त्यानंतर त्यांनी कामाचं कधी विचारलं नाही.

आता माझीही वर्षं थोडीच उरली आहेत. हाताखालच्या मुलीला मी सगळं नीट शिकवते आहे. माझ्यावाचून काही अडू नये याची तजवीज मी रोज माझ्याच हातांनी करते, आणि संध्याकाळी दमून बसमध्ये बसले की मला त्या मुलीचाच राग येतो.