तोडणीच्या प्रोग्रॅमचं बारसं

सीझन संपला की कारखान्याच्या आवारात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, ढीग उरतो, तसे आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये किस्से उरतात. बगॅस निदान जाळता तरी येतं!

गेल्या वर्षी कोल्हापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि पाठोपाठ कॉलेजातून मी. काम एकच : ज्यानं ऊस आधी लावला, त्याची तोड आधी. वशिला बंद! गव्हाणीत मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत प्रोग्रॅम बिनचूक झाला नाही, तर पुन्हा संचालकांच्या पाहुण्यांचा ऊस आधी तुटणार आणि बाकीच्यांचा फडात वाळणार.

तपासायला शेती खात्याकडे जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक फ्लॉपीवर नाव लागायचं. पहिलीवर मी सरळ लिहिलं, 'कच्चा'. तिथल्या हेडक्लार्क आण्णांनी ती तशीच परत केली. "कच्चा हाय तर आमास्नी कशाला देतायसा? पिकल्यावर द्या की!"

* * *

मग पुढच्या फ्लॉप्यांना गावांची नावं दिली. 'राधानगरी' बरी चालली. 'गडहिंग्लज' सारखी अडकायची. वैतागून मी पॅसेजमध्ये ओरडलो, "गडहिंग्लज पुन्हा बंद पडलं!"

तासाभरात तिकडचे संचालक जीप घेऊन दारात. "कुणी बंद पाडलं? आमाला न विचारता?"

एमडींनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला : 'गडहिंग्लज सुरळीत चालू आहे.' सही करताना स्क्रीन बंदच होता!

* * *

भांडणं नकोत म्हणून एमडींनी पुढच्या फ्लॉपीला चेअरमनसाहेबांचंच नाव दिलं, 'दादासाहेब'. ही चालली, पण हिनं सगळ्यात आधी लावलेला आडसाली ऊस यादीत शेवटी टाकला! आणि नियम असा, की शेती खात्यानं चूक दाखवल्याशिवाय मी प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

आण्णांचा शेरा आला, 'दोष नाही.'

"आण्णा, अहो, आडसालीवाले मरतील!"

"दिसतंय की मला. पण दादासाहेब चुकले असं लिवू व्हय? पोरीचं लगीन हाय माझ्या!"

संचालक मंडळानं तर ठरावच केला : 'दादासाहेबांत कोणताही दोष नाही.' एकमतानं. टाळ्यांच्या गजरात!

* * *

मोळी तोंडावर आलेली. मी तीच फ्लॉपी कॉपी केली. आत काहीही बदललं नाही. वर फक्त विरोधी पॅनेलच्या पुढाऱ्याचं नाव लिहिलं, 'बापूसाहेब', आणि सकाळी आण्णांच्या टेबलावर ठेवली.

डबा खायच्या आत अख्खं शेती खातं माझ्या दारात! "सायेब, ह्यो बापूसाहेब आडसालीवाल्यास्नी बुडवायला निघालाय बघा!" मागोमाग खुद्द चेअरमन. "ताबडतोब दुरुस्त करा!"

केलं. मोळीच्या दिवशी चेअरमनसाहेबांनी विचारलं, "आता नीट झालाय न्हवं? मग नाव आमचंच ऱ्हाऊ द्या."

पहिली यादी लागली. चेअरमनसाहेबांच्या मेहुण्यांनी ऊस उशिरा लावलेला, त्यांचा नंबर पार तळाला. ते तणतणत शेती खात्यात आले. "यादी चुकलीया! बदला!"

आण्णांनी शांतपणे ठरावाची प्रत पुढं सरकवली.

"पावणं, दादासाहेबांत दोष न्हाय!"